नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये नवी फाइल आली की उचलणारी स्क्रिप्ट: वॉचर लावावा की पोलिंग करावं?

पहारेकरी

मांडणी अशी आहे. एका विंडोज सर्व्हरवर शेअर्ड फोल्डर आहे. त्यात तीन वेगवेगळी सॉफ्टवेअर दिवसभर सीएसव्ही फाइली टाकतात, दिवसाला साधारण ४००. त्यातल्या १५० सकाळी एकदम येतात. स्क्रिप्ट दुसऱ्या विंडोज मशीनवर चालते. तिनं फाइल उचलायची, डेटाबेसमध्ये भरायची आणि बाजूला ठेवायची. पॉवरशेलमध्ये फाइलसिस्टिमवॉचर (फोल्डरमध्ये बदल झाला की सूचना देणारा) लावला आहे. अडचणी चार:

१. सकाळच्या लोंढ्यात काही फाइली सुटतात. एरर कुठेच नाही.
२. एकाच फाइलची सूचना दोन-तीनदा येते.
३. कधी कधी फाइल अर्धवट वाचली जाते, शेवटच्या ओळी गायब.
४. हातानं चालवली तर ठीक, टास्क शेड्युलरमधून (ठरल्या वेळी प्रोग्रॅम चालवणारं विंडोजचं साधन) चालवली की झेड ड्राइव्ह सापडत नाही म्हणते.

वॉचरच नीट करावा की पोलिंगवर, म्हणजे ठरावीक वेळानं स्वतः फोल्डर वाचण्यावर, जावं?

उलटीतिरकी

चौथं आधी संपवू, ते सोपं आहे. मॅप केलेला ड्राइव्ह हा मशीनचा नसतो, लॉगिन सेशनचा असतो. तुमच्या सेशनमधला झेड ड्राइव्ह शेड्युलरनं उघडलेल्या सेशनमध्ये अस्तित्वातच नाही. स्क्रिप्टमध्ये ड्राइव्हचं अक्षर वापरू नका, दोन बॅकस्लॅशनं सुरू होणारा, सर्व्हर आणि शेअरचं नाव असलेला पूर्ण यूएनसी पत्ता द्या.

टास्क कोणत्या खात्यानं चालतो तेही बघा. ‘पासवर्ड साठवू नका’ या पर्यायावर टिक असेल तर त्या टास्कला फक्त त्याच मशीनवरच्या गोष्टी मिळतात, शेअर उघडणार नाही. लोकल सिस्टिम खातं वापरलंत तर नेटवर्कवर ते मशीनच्या खात्यानं ओळख सांगतं, म्हणजे शेअरवर परवानगी त्या मशीनच्या खात्याला द्यावी लागेल. लोकल सर्व्हिस तर निनावीच जातं. सगळ्यात बरं म्हणजे या कामापुरतं वेगळं डोमेन खातं काढून त्याला त्या एकाच फोल्डरवर वाचण्याची, लिहिण्याची आणि हलवण्याची परवानगी देणं.

पुढे पायथनकडे वळलात तर यूएनसी पत्त्याच्या अवतरणचिन्हाआधी आर लावायला विसरू नका. नाहीतर सुरुवातीच्या दोन बॅकस्लॅशचा एक होतो. फोल्डरचं नाव लहान एन किंवा टीनं सुरू होत असेल तर त्याची नवी ओळ किंवा टॅब होतो, आणि पत्ता प्रिंट केला की तुटलेला दिसतो.

नलपॉइंटर

पहिल्या अडचणीचं कारण बफर, म्हणजे सूचना तात्पुरत्या साठवायची जागा. वॉचरचा अंतर्गत बफर मुळात ८१९२ बाइटचा असतो. प्रत्येक घटनेला १६ बाइटपर्यंत लागतात, शिवाय नावाच्या प्रत्येक अक्षराला २. नाव ४० अक्षरांचं धरलं तर एका घटनेला ९६ बाइट, म्हणजे बफरात ८५ घटना मावतात. आता तुमच्या १५० फाइली. प्रत्येकीची एक ‘निर्माण झाली’ आणि किमान एक-दोन ‘बदलली’ धरा, साडेचारशेच्या घरात जातं. बफर वेळेत रिकामा झाला नाही की तो भरून वाहतो आणि *त्यातलं सगळं* जातं, फक्त शेवटची घटना नाही.

एरर कुठेच दिसत नाही कारण ती वेगळ्या इव्हेंटवर येते. वॉचरच्या ‘एरर’ इव्हेंटला कोणी कान लावला नसेल तर ओव्हरफ्लो झाला हे कळतच नाही.

उपाय:

बफर वाढवा, पण नेटवर्कवरच्या फोल्डरसाठी मर्यादा ६४ केबी आहे. वरच्याच हिशोबानं ६८२ घटना.

नोटिफायफिल्टरमधून (कोणते बदल कळवायचे ते ठरवणारी यादी) ‘शेवटचं लेखन’ काढा, फक्त फाइलचं नाव ठेवा. ‘बदलली’च्या घटना बंद होतात, म्हणजे तुमची दुसरी अडचणही बरीचशी मिटते.

नावांच्या फिल्टरमध्ये फक्त सीएसव्ही लिहिल्यानं बफर वाचत नाही. ती चाळणी बफरातून बाहेर आल्यावर लागते. हा गैरसमज फार जणांचा आहे.

हँडलरमध्ये (सूचना आली की चालणारा कोड) फाइल उघडू नका. नाव रांगेत टाका आणि बाहेर पडा.

पहारेकरी

एरर इव्हेंटला कान लावला. सकाळी दोनदा ओव्हरफ्लो पकडला गेला. बफर ६४ केबी केला, फिल्टर कमी केला. आता वॉचर भरवशाचा झाला का?

थ्रेडबंद

नाही. नेटवर्क मध्येच तुटलं, सर्व्हर रीस्टार्ट झाला, तर वॉचर मरतो. बहुतेक वेळा एरर इव्हेंट येतो आणि तो पकडून नवा वॉचर उभा करता येतो, पण कधी तोही येत नाही. स्क्रिप्ट चालू दिसते, प्रोसेस जिवंत असते आणि सूचना मात्र येत नाहीत. शिवाय स्क्रिप्ट बंद असताना आलेल्या फाइलींबद्दल वॉचर काहीच सांगत नाही. त्यामुळे सुरुवातीला आणि प्रत्येक एररनंतर फोल्डर पूर्ण वाचावंच लागतं. आता पूर्ण वाचण्याचा कोड लिहावाच लागणार असेल, तर तोच दर अर्ध्या मिनिटाला का चालवू नये?

माझं मत: नेटवर्कवर पोलिंग हाच मुख्य मार्ग. वॉचर ठेवायचाच असेल तर तो फक्त दारावरची बेल. बेल वाजली की पुढच्या फेरीची वाट न बघता लगेच फोल्डर वाचायचं, पण बेलवर विसंबून कुठलीही फाइल उचलायची नाही.

सीआरएलएफ

लिनक्सवरून शेअर माउंट करणाऱ्यांसाठी (जोडून घेणाऱ्यांसाठी) भर. तिथे बदल कळवणारं आयनोटिफाय कर्नल २.६.१३ पासून आहे, पण ते त्याच मशीनवरच्या प्रोग्रॅमनं केलेले बदल सांगतं. एनएफएस किंवा सीआयएफएस (नेटवर्कवरचं फोल्डर जोडायचे दोन प्रकार) माउंटवर दुसऱ्या मशीननं फाइल टाकली तर आयनोटिफायला पत्ताच लागत नाही. वॉच बिनतक्रार लागतो, एरर येत नाही, चाचणीसाठी तुम्ही स्वतः त्याच मशीनवरून फाइल टाकता तेव्हा सूचनाही येते! म्हणून हे चाचणीत पकडलं जात नाही. सिस्टिमडीचे (लिनक्सवर सेवा चालवणारी यंत्रणा) पाथ युनिट याच पायावर उभे आहेत, त्यांचंही तेच.

पायथनच्या वॉचडॉग लायब्ररीमध्ये नेहमीचा ऑब्झर्व्हर लिनक्सवर आयनोटिफाय घेतो. नेटवर्कसाठी पोलिंगऑब्झर्व्हर मुद्दाम मागावा लागतो. तो दर सेकंदाला सगळ्या फोल्डरचं चित्र काढून आधीच्याशी ताडतो. ही वेळ वाढवा.

स्क्रिप्ट थेट फाइल सर्व्हरवरच चालवता येत असेल आणि तो लिनक्सचा असेल, तर आयनोटिफाय उत्तम. सांबातून (लिनक्सवरचं फोल्डर विंडोजला शेअर करणारं सॉफ्टवेअर) आलेली फाइलही तिथे स्थानिक लेखनच असते. ‘लिहून बंद झाली’ आणि ‘इथे हलवली गेली’ या दोनच घटना ऐका, ‘निर्माण झाली’ ऐकू नका.

पहारेकरी

सर्व्हरवर काही चालवायची परवानगी नाही. पोलिंग किती वेळानं? दर २ सेकंदांनी केलं तर चालेल?

उलटीतिरकी

२ सेकंदांचा उपयोग नाही. विंडोजचा एसएमबी क्लायंट (नेटवर्कवरचे शेअर उघडणारा भाग) फोल्डरची यादी स्वतःकडे जपून ठेवतो, मुळात १० सेकंद. म्हणजे तुम्ही दोन सेकंदांनी विचारलंत तरी जुनंच उत्तर मिळू शकतं. एनएफएसवर फोल्डरच्या माहितीचं कॅशिंग मुळात ३० ते ६० सेकंद असतं. लिनक्सच्या सीआयएफएस माउंटवर ते एकच सेकंद आहे. ही वेळ रजिस्ट्रीत किंवा माउंट करताना कमी करता येते, पण मग सर्व्हरकडे फेऱ्या वाढतात. सीएसव्ही भरण्यासाठी ३० सेकंद भरपूर झाले.

फोल्डर कसं वाचता यावरही बरंच अवलंबून आहे. आधी नावांची यादी आणि मग प्रत्येक नावाचा आकार व वेळ वेगळी विचारली, तर दर फाइलीमागे नेटवर्कची एक फेरी. एका फेरीला २ मिलिसेकंद धरले तर २०,००० फाइलींना ४० सेकंद, म्हणजे पोलिंगची मुदत संपली तरी वाचन चालूच. विंडोजवर पायथनचं फोल्डर वाचणारं स्कॅनडिर ही माहिती यादीबरोबरच आणतं. ते ३.५ आवृत्तीपासून आहे.

पण मुळात आवक फोल्डरमध्ये २०,००० फाइली पडून असता कामा नयेत. उचलली की हलवा.

नलपॉइंटर

आणि कृपा करून ‘शेवटच्या फेरीनंतर बदललेल्या फाइली’ हा निकष लावू नका. विंडोजमध्ये फाइल कॉपी केली की बदलाची वेळ मूळ फाइलचीच राहते. तीन महिन्यांपूर्वी तयार झालेली फाइल आज कोणी कॉपी करून टाकली तर ती तुमच्या निकषात जुनी ठरते आणि कायमची सुटते. निर्मितीची वेळ कॉपी करताना नवी होते, पण त्याच व्हॉल्यूमवरून (डिस्कच्या विभागावरून) हलवली तर तीही जुनीच. शिवाय सर्व्हरचं आणि तुमचं घड्याळ काही सेकंदांनी वेगळं असतंच. घड्याळाकडे न बघता फोल्डरमध्ये आत्ता काय आहे ते बघा.

थ्रेडबंद

हलवायची परवानगी असेल तर ‘आधी बघितलेल्या’ फाइलींची नोंदही ठेवावी लागत नाही. आवक फोल्डर हीच यादी: आत आहे ती बाकी, बाहेर गेली ती घेतली. शेअर फक्त वाचण्यापुरता असेल तरच नाव, आकार आणि वेळ यांची नोंद एसक्यूलाइटमध्ये (एकाच फाइलीत राहणारा छोटा डेटाबेस) ठेवा. ती डेटाबेस फाइल स्क्रिप्टच्या मशीनवर ठेवा, शेअरवर नाही. नेटवर्क फाइलसिस्टिमवर लॉकिंगचा भरवसा नसतो, फाइल खराब होते.

ओघ असा ठेवा. भाषा कुठलीही घ्या:

दर ३० सेकंदांनी
– खूणफाइल दिसते का? नसेल तर लॉगमध्ये लिहा, या फेरीत काहीच करू नका
– ‘आवक’ वाचा
– प्रत्येक फाइलसाठी:
– – नाव वगळायच्या यादीत आहे? पुढची
– – आकार आणि वेळ मागच्या फेरीसारखीच नाही? नोंदवा, पुढची
– – ‘कामात’ फोल्डरमध्ये हलवा. जमलं नाही? पुढची, पुढच्या फेरीत बघू
– – प्रक्रिया करा. झाली तर ‘झाले’मध्ये, बिघडली तर ‘अडकले’मध्ये

‘कामात’, ‘झाले’, ‘अडकले’ ही फोल्डरं त्याच शेअरवर, त्याच व्हॉल्यूमवर हवीत. तिथे हलवणं म्हणजे फक्त नोंद बदलणं, एका दमात होतं. वेगळ्या डिस्कवर नेलंत तर ते कॉपी आणि मग डिलीट होतं, मध्येच तुटू शकतं.

पहारेकरी

खूणफाइल कशाला? आणि आकार स्थिर आहे म्हणजे फाइल पूर्ण आली, असं धरायचं ना?

थ्रेडबंद

खूणफाइल म्हणजे शेअरवर कायम पडलेली एक रिकामी फाइल. लिनक्सवर माउंट सुटलं तर माउंटची जागा रिकाम्या फोल्डरसारखी दिसते, एरर येत नाही. स्क्रिप्टला वाटतं सगळं निवांत आहे. नोंद ठेवणारी स्क्रिप्ट असेल तर आणखी वाईट: सगळ्या फाइली डिलीट झाल्या असं समजून ती नोंदी पुसते, आणि माउंट परत आलं की सगळ्याच्या सगळ्या ‘नव्या’ म्हणून पुन्हा भरते. खूणफाइल दिसली नाही की हात आखडता घ्यायचा. (एनएफएस हार्ड माउंट असेल तर सर्व्हर गेल्यावर स्क्रिप्ट लटकूनच राहते, टाइमआउटही होत नाही. तिच्यावर बाहेरून लक्ष ठेवणारं काही हवं.)

उलटीतिरकी

आकाराचं उत्तर: नाही, धरू नका. हा धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

विंडोजची नेहमीची कॉपी सुरुवातीलाच पूर्ण आकाराची जागा आखून घेते. २ जीबीची फाइल पहिल्या क्षणापासून २ जीबीच दिसते, आत मात्र अजून काही आलेलं नसतं. आकार स्थिर, फाइल अपुरी.

उलटही होतं. एनटीएफएसवर (विंडोजची नेहमीची फाइलसिस्टिम) फोल्डरच्या यादीत दिसणारा आकार फाइल लिहिणाऱ्यानं बंद करेपर्यंत ताजा असेलच असं नाही. प्रोग्रॅम दहा मिनिटं लिहितोय आणि यादीत शून्य बाइट. म्हणून यादीतून फक्त उमेदवार निवडा, आणि ज्याला हात लावायचा त्या फाइलचा आकार थेट विचारा.

भरवशाचे मार्ग, उतरत्या क्रमानं:

पहिला, पाठवणाऱ्यानं तात्पुरत्या नावानं लिहावं आणि पूर्ण झाल्यावर नाव बदलावं. डॉट टीएमपी किंवा डॉट पार्ट. तुम्ही ती नावं वगळता. नाव बदललेलं दिसलं म्हणजे फाइल पूर्ण.

दुसरा, फाइल पूर्ण झाल्यावर त्याच नावाची छोटी डॉट ओके फाइल टाकायची. तिच्यात ओळींची संख्या किंवा एसएचए-२५६ चा हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) असेल तर आणखी छान. तुम्ही ओके फाइल शोधता, सीएसव्ही नाही.

तिसरा, लिहिणाऱ्यानं फाइल अजून धरून ठेवली आहे का ते तपासणं. विंडोजवर फाइल ‘दुसऱ्या कोणालाही नाही’ अशा पद्धतीनं उघडा. एरर क्रमांक ३२ आला म्हणजे शेअरिंग व्हायोलेशन, कोणीतरी अजून आत आहे.

आणि थ्रेडबंद यांच्या ओघात हा तिसरा मार्ग फुकटात मिळतो. लिहिणाऱ्यानं फाइल धरली असेल तर ती ‘कामात’मध्ये हलवतानाच नकार येतो. वेगळी तपासणी लिहायची गरजच नाही. दोन अपवाद: फाइल उघडताना ‘इतरांनी हलवली तरी चालेल’ असं सांगणारे प्रोग्रॅम (थोडे असतात), आणि फाइल उघडून चार ओळी लिहून बंद करणारे, पुन्हा उघडून पुन्हा लिहिणारे. दोन लेखनांच्या फटीत ती मोकळीच दिसते. शेअर एनएफएसचा असेल तर हा मार्ग सोडून द्या, तिथे लिहीत असतानाही फाइल खुशाल हलते.

पहारेकरी

तिघांपैकी दोन सॉफ्टवेअरमध्ये तात्पुरतं नाव ठेवण्याचा पर्याय सापडला. तिसरं बंद डबा आहे, काही बदलता येत नाही. आणि ते नेमकं ओळी ओळी जोडणारं आहे.

सीआरएलएफ

मग फाइलच्या पोटात बघा. शेवटच्या ओळीत एकूण संख्या येते का? ट्रेलर ओळ असेल तर ती आल्याशिवाय हात लावायचा नाही. ट्रेलर नसेल तर किमान शेवटचा बाइट नवी ओळ आहे ना आणि शेवटच्या ओळीत रकाने पूर्ण आहेत ना ते तपासा. एवढ्यानं फाइल पूर्ण असल्याचं सिद्ध होत नाही, अर्धवट ओळ तेवढी पकडली जाते.

त्याच्या जोडीला विश्रांतीची मुदत ठेवा. ते सॉफ्टवेअर दोन ओळींमध्ये जास्तीत जास्त किती थांबतं ते एक-दोन दिवस लॉगमध्ये मोजा आणि त्याच्या तिप्पट वेळ फाइल बदलली नाही तरच उचला. सगळ्यांना एकच मुदत लावू नका, नाहीतर चांगल्या वागणाऱ्या दोघांच्या फाइलीही ताटकळतात. नावाच्या सुरुवातीवरून मुदत ठरवा.

इतर प्रकारांचं: झिपची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते, त्यामुळे अर्धवट झिप उघडतच नाही, हीच तपासणी. एक्सएमएलमध्ये मुळाचा शेवटचा टॅग बघा.

नलपॉइंटर

हलवण्याबद्दल एक खाच. ‘झाले’मध्ये त्याच नावाची फाइल आधीच असेल तर? पायथनचं रीनेम विंडोजवर एरर देतं, लिनक्सवर निमूटपणे जुनीवर नवी लिहितं. एकच स्क्रिप्ट दोन्हीकडे वापरणाऱ्यांचा संग्रह इथे हरवतो. हलवताना नावाला तारीख-वेळ आणि हॅशची पहिली आठ अक्षरं जोडा.

स्क्रिप्ट मध्येच बंद पडली तर फाइल ‘कामात’मध्ये अडकून राहते. सुरू होताना आधी ‘कामात’ तपासा आणि तिथलं पुन्हा प्रक्रियेला घ्या. मात्र आधीचं अर्धं भरलं गेलेलं असू शकतं, म्हणून एका फाइलच्या सगळ्या ओळी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळ्या भरल्या जातात किंवा एकही नाही) भरा आणि फाइलच्या हॅशवर युनिक बंधन ठेवा. मग तीच फाइल दोनदा आली तरी डेटाबेसच नाकारतो.

दीर्घवेलांटी

वगळायच्या यादीत हे घ्या: टिल्ड आणि डॉलरनं सुरू होणाऱ्या (ऑफिसच्या लॉक फाइली), थंब्स डॉट डीबी, डेस्कटॉप डॉट आयएनआय, मॅकवरून येणारी डॉट डीएस स्टोअर आणि डॉट-अंडरस्कोरनं सुरू होणारी पिल्लं. शेवटची तर फसवी, त्यांचं एक्सटेन्शन मूळ फाइलचंच असतं. ‘फक्त सीएसव्ही’च्या चाळणीतून आरामात आत येतात.

फाइलींची नावं मराठीत असतील तर आणखी एक. ‘दुसऱ्या’मधला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा र आणि नुक्ता असे दोन मिळून. डोळ्यांना फरक शून्य, तुलनेत मात्र दोन वेगळी नावं. नावांची तुलना किंवा नोंद करण्याआधी ती एनएफसी या युनिकोडच्या प्रमाणित रूपात आणा, म्हणजे दोन्हींचा एकच ऱ होतो. फाइल उघडताना मात्र सर्व्हरनं दिलेलं मूळ नावच वापरा, बदललेलं नाव तिथे सापडणार नाही.

पहारेकरी

+१, ही पिल्लं आमच्याकडेही निघाली. आता टास्क शेड्युलरमध्ये काय ठेवू? कायम चालणारी स्क्रिप्ट की दर मिनिटाला नवी?

थ्रेडबंद

दर मिनिटाला एक फेरी मारून संपणारी. मेमरी साठत नाही, लटकली तर मारून पुढची सुरू करता येते. मात्र मागच्या फेरीचे आकार आता कुठेतरी लिहून ठेवावे लागतील, एक छोटी फाइल पुरते. शेड्युलरमध्ये तीन जागा बघा. ‘आधीची चालू असेल तर नवी सुरू करू नका’ हे ठेवा. ‘इतक्या वेळाहून जास्त चालली तर थांबवा’ इथे मुळात ३ दिवस असतात, १० मिनिटं करा. कायम चालणारी स्क्रिप्ट ठेवणाऱ्यांची चौथ्या दिवशी गुपचूप बंद पडते ती याच टिकमुळे. आणि लॅपटॉपवर असेल तर ‘विजेवर असतानाच चालवा’ काढा.

लिनक्सवर क्रॉन (तिथला शेड्युलर) वापरलात तर एफलॉक हे कुलूप लावा, क्रॉन स्वतःहून दुसरी प्रत अडवत नाही. सिस्टिमडी टायमर अडवतो.

लॉगमध्ये प्रत्येक फेरीची एक ओळ हवी, काही सापडलं नाही तरी: किती दिसल्या, किती उचलल्या, किती थांबवल्या, किती अडकल्या. शून्याची ओळ नसेल तर ‘फाइल आली नाही’ आणि ‘स्क्रिप्ट चालली नाही’ यातला फरक कसा कळणार?

पहारेकरी

पोलिंगवर आणलं. वॉचर काढूनच टाकला. बंद डब्याच्या फाइलींना ९० सेकंदांची मुदत, बाकीच्यांना एक फेरी. तीन दिवसांत फाइलींमधल्या आणि डेटाबेसमधल्या ओळी जुळतायत. ‘अडकले’मध्ये दोन फाइली आहेत, त्या आपोआप पुन्हा प्रयत्नाला घ्याव्यात का?

नलपॉइंटर

कारणावर अवलंबून. डेटाबेस बंद होता, नेटवर्क तुटलं, अशा कारणांसाठी फाइल ‘अडकले’मध्ये टाकूच नका, ‘आवक’मध्ये परत ठेवा, पुढच्या फेरीत जाईल. फाइलमध्येच दोष असेल, म्हणजे रकाने कमी, तारीख चुकलेली, एन्कोडिंग वेगळं, तर शंभरदा प्रयत्न करूनही तेच होणार. ती ‘अडकले’मध्ये, शेजारी त्याच नावाची मजकूर फाइल, तिच्यात ओळ क्रमांक आणि कारण. तुमच्या दोन फाइलींचं कारण काय निघालं?

पहारेकरी

दोन्हींमध्ये पहिल्या रकान्याचं नाव जुळत नाही असं म्हणते. उघडून बघितलं तर नाव बरोबर दिसतं.

सीआरएलएफ

फाइलच्या सुरुवातीला बीओएम असणार, न दिसणारे तीन बाइट. वाचताना एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग द्या. बीओएम असला तर ते गाळतं, नसला तरी बिघडत नाही.

पहारेकरी

तेच होतं. दोन्ही गेल्या.